अर्जातली कोरी ओळ

उंब्रजहून पहाटे सुटणारी एस.टी. कराड, इस्लामपूर करत सांगलीला पोचेपर्यंत साडेआठ वाजत. लालासाहेब डुबल उतरला की स्टँडवर चहासुद्धा घेत नसे. तडक वाचनालय गाठायचं, कपाटातला जाडजूड कोश टेबलावर घ्यायचा आणि बारा वाजता दार बंद होईपर्यंत मान वर करायची नाही, असे त्यानं दोन रविवार काढले होते. तिसऱ्या रविवारी कपाटात कोशाची जागा रिकामी होती.

वाचनालयाचे शिपाई नानासो यांनी नुसतं बोट दाखवलं. खिडकीपाशी तेवीस-चोवीस वर्षांची एक मुलगी तोच कोश उघडून भराभर उतरून घेत होती. शेजारच्या खुर्चीत एक वयस्कर बाई मांडीवर पिशवी घेऊन डुलक्या काढत होत्या.

परीक्षेला आठ आठवडे राहिले होते आणि साऱ्या सांगलीत या पुस्तकाची ही एवढीच प्रत होती. ती घरी न्यायला मिळत नसे.

इंग्रजी घेऊन एम.ए. करायचं तर १९७६ च्या त्या वर्षी प्रवेश परीक्षा द्यायला लागणार होती. जागा तीस आणि अर्ज दोनशेच्या वर. विद्यापीठानं पोस्टानं एक सायक्लोस्टाइल केलेला कागद पाठवला होता. त्यावर एकशेवीस इंग्रजी संज्ञा होत्या, साहित्यातल्या. कवितेतल्या अलंकारांची नावं, वृत्तांची नावं, नाटकाच्या अंगांची नावं. अर्थ एकाचाही दिलेला नव्हता; ते या कोशातच मिळत. लालासाहेब उंब्रजच्या हायस्कुलात कारकून होता. तिथल्या इंग्रजीच्या मास्तरांना दाखवलं, तर त्यांनी बारा-पंधरा शब्दांवर खुणा केल्या आणि कागद परत दिला.

तो टेबलाजवळ गेला. "ताई, हे पुस्तक किती येळ लागंल तुमाला?"

आवाज दालनभर घुमला. वाचणाऱ्यांनी माना वळवल्या, डुलक्या काढणाऱ्या बाई दचकून जाग्या झाल्या. मुलगी त्याच्या डाव्या हाताला होती. ती खाली मान घालून काहीतरी बोलली. त्याला वाटलं, ती बोललीच नाही. थोडा वेळ थांबून त्यानं पुस्तकाला हात घातला.

मुलीनं पुस्तकावर पंजा दाबला आणि त्याच्या तोंडाकडं बघून, एकेक शब्द तोडून म्हणाली, "दहा मिनिटं थांबा म्हटलं ना! ऐकू येत नाही का?"

आता तिचे ओठ दिसत होते.

"न्हाई," लालासाहेब म्हणाला. "डाव्या कानानं कायबी येत न्हाई. उजव्यानं थोडं येतं."

मुलीचा चेहरा पडला. तिनं पंजा काढला, उठली आणि खुर्ची उचलून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, त्याच्या उजव्या हाताला येऊन बसली. तिचं नाव गुणमाला. वडिलांची हळदीची पेढी होती आणि घरून एकटीला सोडत नव्हते, म्हणून कस्तुरीआक्का, तिची विधवा आत्या, दर रविवारी सोबतीला येई. गुणमालेलाही तीच परीक्षा द्यायची होती.

वाचनालयात बोलायची बंदी, आणि लालासाहेबाशी हळू बोलून उपयोग नाही. तेव्हा दोघांचा व्यवहार कागदावर सुरू झाला. तिनं लिहिलं, 'तुम्ही पहिल्या साठ संज्ञा उतरून घ्या, मी शेवटच्या साठ. मग वह्या बदलू.' त्यानं खाली लिहिलं, 'चालेल.'

लालासाहेब मॅट्रिक होऊन फौजेत गेला होता, सिग्नलमध्ये, मोर्सच्या टकटकीत तारेनं संदेश पाठवायला. एकाहत्तरच्या डिसेंबरात पश्चिमेच्या सीमेवर त्याच्या खंदकापासून वीस पावलांवर तोफेचा गोळा पडला. अंगाला ओरखडा नाही, पण दोन्ही कानांतून रक्त आलं. फौजेच्या इस्पितळात तीन महिने त्याला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. शेजारच्या खाटेवरचा एक कॅप्टन बदलून जाताना कव्हर फाटलेलं इंग्रजी कवितांचं पुस्तक ठेवून गेला. लालासाहेबानं दुसरं काही नव्हतं म्हणून ते उघडलं. निम्मे शब्द कळत नव्हते. तरी तो तेच पुन्हा पुन्हा वाचत राहिला, कारण सगळं जग गप्प झालेलं असताना माणसाचं बोलणं कुठून येत असेल तर ते त्या पानांतून येत होतं. पुढं उजवा कान थोडा उघडला, फौजेनं पेन्शन देऊन घरी पाठवलं, शाळेत कारकुनी मिळाली. तेव्हा त्यानं बाहेरून बी.ए. केलं, इंग्रजी घेऊन. नंतर एका शाळेत मास्तरकीच्या मुलाखतीला गेला. तिथल्या एका गृहस्थानं मागं उभं राहून त्याला हळूच हाक मारली. तो वळला नाही. सगळे हसले आणि म्हणाले, "तुम्हाला कारकुनीच बरी." ते हसणं त्याला ऐकू आलं नव्हतं. वळल्यावर दिसलं होतं.

मे उजाडला तशा संज्ञा पाठ होत चालल्या, पण एक नवीच अडचण निघाली. लालासाहेबानं हे शब्द फक्त डोळ्यांनी शिकलेले. लेखी परीक्षेनंतर तोंडी होती. गुणमालेनं त्याला दहा शब्द म्हणायला लावले आणि तिला हसू आवरेना. 'हायपर्बली'ला तो 'हायपरबोल' म्हणत होता, 'सिझ्यूरा'ला 'कायसुरा'. मग तिनं एकशेवीसच्या एकशेवीस उच्चार देवनागरीत लिहून दिले. लालासाहेब ती वही घेऊन शेताच्या बांधावर जाई आणि मोकळ्या आवाजात म्हणे, "सिनेक्डकी! मेटॉनमी! ऑनोमॅटोपिया!" शेजारच्या उसात पाणी पाजणारा कोंडीबा हातातलं फावडं टाकून धावत आला. त्याला वाटलं, कुणाला साप चावला.

गुणमाला वृत्तांपाशी अडली होती. शब्दातला कुठला भाग जोरात म्हणायचा आणि कुठला हलका, हे तिला कोशातल्या खुणांवरून उमगत नव्हतं. चार वेळा समजून घ्यायची खटपट करून पाचव्यांदा तिनं वही मिटली आणि डोळ्यांत पाणी आलं.

लालासाहेबानं वही ओढून घेतली. बऱ्याच वेळानं त्यानं टेबलावर बोट टेकवलं आणि वाजवलं. एक बारीक, एक लांब. एक बारीक, एक लांब. मग कागदावर लिहिलं, 'आमच्या मोर्समध्ये हा ए. डिट-डा, आधी हलका, मग जोराचा. कोशात याला आयम्ब म्हटलंय.' त्याच्याखाली लिहिलं, 'डा-डिट, म्हणजे एन. हा ट्रोकी. डिट-डिट-डा, यू, ॲनपेस्ट. डा-डिट-डिट, डी, डॅक्टिल.'

गुणमालेनं बोट टेकवून वाजवून पाहिलं. मग कोशातली एक ओळ घेतली आणि ओठ हलवत तिच्याबरोबर बोट चालवलं. तिसऱ्या ओळीला तिचा चेहरा उजळला. कस्तुरीआक्का म्हणाल्या, "काय गं, पेटी वाजवाय शिकतीस का काय?" आणि नानासो तोंडावर बोट ठेवून धावत आले.

घरी सुलाबाई, त्याची बायको, चार बुकं शिकलेली. भाकरी थापता थापता ती ऐके. "सिनेक्डकी म्हंजी आवं काय?"

"भागाचं नाव घ्यायचं आन् अख्खी वस्तू सांगायची."

सुलाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "म्हंजी आपण म्हंतो, गावात साडेतीनशे उंबरं हायती. उंबरा म्हंजी घरच की."

लालासाहेब तिच्याकडं बघतच राहिला. कोशातली दोन पानं वाचूनही ही संज्ञा त्याच्या मनात बसली नव्हती.

"आन् मेटॉनमी?" ती म्हणाली.

"भाग न्हाई, लागूनची वस्तू."

"मंग चूल. भावांच्या चुली येगळ्या झाल्या. चूल काय घराचा तुकडा न्हाई, पर समद्यांस्नी कळतं."

ते त्यानं वहीत लिहून घेतलं.

पंधरा मे ही अर्जाची शेवटची तारीख. अर्जात सगळं भरून झालं. अकराव्या रकान्यात लिहिलं होतं, 'उमेदवारास काही शारीरिक व्यंग असल्यास त्याचा तपशील.' लालासाहेब त्या ओळीवर पेन धरून बसला. ते हसणारे चेहरे डोळ्यांपुढं आले. सुलाबाई म्हणाली, "लिवा की. लपवण्यासारकं काय हाय? लढाईत झालंय."

"लिवलं तर पेपरला बी बसू देणार न्हाईत. बहिऱ्याला मास्तर करून कोण घेणार हाय?"

"आन् मागनं कळलं तर?"

त्यानं पेनाचं टोपण लावलं. ओळ कोरी ठेवून पाकीट चिकटवलं. पण त्या दिवसापासून त्याच्या जिवाला स्वास्थ्य राहिलं नाही. अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं, की माहिती दडवल्याचं आढळल्यास प्रवेश रद्द होईल. गुणमालेला सांगितलं तेव्हा तिनं कागदावर एवढंच लिहिलं, 'मी कुणाला बोलणार नाही.'

परीक्षेचं केंद्र सांगलीतलंच एक महाविद्यालय होतं. जूनची बारा तारीख. दालन मोठं, छताला आठ पंखे, आणि ते सगळे घरघरत होते. लालासाहेबाच्या उजव्या कानात त्या घरघरीखेरीज काही शिरेना. त्याला जागा मिळाली ती उजव्या भिंतीच्या कडेला. म्हणजे चांगला कान भिंतीकडं आणि बंद कान दालनाकडं. गुणमाला एक रांग सोडून पुढं, तिरकी, डावीकडं होती.

अकराला पेपर वाटले. त्यानं पहिला प्रश्न वाचला. 'पर्यवेक्षक आता एक कविता दोनदा वाचून दाखवतील. ती ऐकून तिचं वृत्त आणि तिच्यातले अलंकार लिहा. गुण वीस.'

असं काही असणार हे विद्यापीठाच्या त्या कागदात कुठंही नव्हतं. समोर जाड भिंगाचा चष्मा घातलेले एक प्राध्यापक उभे राहिले, हातात कागद धरला. त्यांचे ओठ हलायला लागले. लालासाहेबानं सगळा जीव डोळ्यांत आणला. पण मध्ये अंतर फार, कागद तोंडापुढं, आणि मिश्या दाट. दोन शब्द हाती लागल्यासारखे वाटले, तेही सुटले. आजूबाजूचे सगळे माना खाली घालून लिहीत होते. पहिलं वाचन संपलं. त्याच्या उत्तरपत्रिकेवर प्रश्नाच्या आकड्याखेरीज काही नव्हतं.

दुसरं वाचन सुरू झालं, आणि त्याला गुणमालेचा उजवा हात दिसला.

तो हात बाकाच्या बाहेर, तिच्या मांडीच्या कडेवर टेकला होता. बोट हलत होतं. आधी त्याला वाटलं, ती स्वतःसाठी मोजतेय. मग बघितलं, तर बोट मुद्दाम सावकाश पडत होतं आणि तिची मान किंचित मागं वळलेली होती. लांब, बारीक. लांब, बारीक. लांब, बारीक. लांब, बारीक. मग थांबणं. पुन्हा चार.

ट्रोकी. चार गणांची ओळ. वृत्ताचं उत्तर त्याच्या पुढ्यात आलं होतं. लिहायला दोन शब्द पुरले असते. पेन कागदाला टेकलं.

तेवढ्यात प्राध्यापक वाचता वाचता चालायला लागले. दोन रांगांमधून ते मागं येत होते, आणि त्यांची नजर कागदावरून उठून गुणमालेच्या हातावर गेलेली त्याला दिसली. त्यांची पावलं मंदावली. गुणमालेची पाठ त्यांच्याकडं नव्हती, पण तिचं सगळं लक्ष मागं होतं. तिला काही दिसत नव्हतं. बोट चालूच होतं.

पुढं कितीदा तरी लोकांनी विचारलं, की त्या घटकेला तुम्ही उठलात ते खरं बोलायला, का त्या मुलीला वाचवायला? लालासाहेबाला ते शेवटपर्यंत सांगता आलं नाही. तो उठला एवढं खरं. बाक सरकला, दोनशे माना वळल्या आणि पर्यवेक्षक जागीच थांबले.

"सर," तो इंग्रजीत म्हणाला, आणि आवाज नेहमीसारखाच मोठा निघाला, "मला ऐकू येत नाही. कविता मला ऐकू आलेली नाही. अर्जात मी हे लिहिलेलं नाही."

गुणमालेचा हात झटकन बाकावर गेला.

प्राध्यापक त्याच्याजवळ आले. काय बोलले ते कळलं नाही. लालासाहेबानं आपली प्रश्नपत्रिका पुढं केली. त्यांनी लिहिलं, 'हा प्रश्न सोडा. बाकीचे लिहा. बाकी निर्णय मंडळ घेईल.' मग थोडं थांबून खाली आणखी एक शब्द लिहिला, 'बसा.'

बाकीचे ऐंशी गुण त्यानं कसे लिहिले ते त्याचं त्यालाही आठवत नव्हतं. हात मात्र थांबला नाही.

दुपारी तोंडी. टेबलामागं तिघे. जाड भिंगवाले मधे. त्यांनी प्रश्न कागदावर लिहून पुढं सरकवायला सुरुवात केली. 'सिनेक्डकी म्हणजे काय? उदाहरण तुमचं स्वतःचं द्या.' लालासाहेबानं उंबऱ्याचं उदाहरण दिलं आणि न विचारता चुलीचंही दिलं, दोन्हींतला फरकही सांगितला. कडेला बसलेले तरुण प्राध्यापक मान डोलावत पुढं सरकले. दुसऱ्या कडेच्या गृहस्थांनी मात्र हाताची घडी सोडली नाही. त्यांनी कागद ओढला आणि ठसठशीत लिहिलं, 'माहिती का दडवली?'

"भीती वाटली, सर."

'वर्गात व्याख्यान कसं ऐकणार?'

"पहिल्या बाकावर बसीन. उजवीकडनं बोललं तर थोडं येतं. ओठावरून थोडं कळतं. राहिलेलं वाचून काढीन."

त्या गृहस्थांनी कागद घडी करून खिशात ठेवला. मुलाखत संपली.

बाहेर फाटकाशी गुणमाला उभी होती, कस्तुरीआक्का छत्री धरून चार पावलं लांब. गुणमालेचा चेहरा रागानं लाल झाला होता. ती त्याच्या उजव्या बाजूला आली.

"उठलात कशाला, दादा? मी देत होते ना सगळं?"

"सर बगत हुते तुमच्याकडं."

"बघू देत की!" मग आपण पकडले गेलो असतो, हे तिच्या ध्यानात आलं. ती म्हणाली, "वृत्त कळलं होतं तुम्हाला?"

"व्हय. ट्रोकी, चार."

"लिहिलंत?"

"न्हाई."

ती म्हणाली, "मग मी वेडी, एवढी जोखीम घेतली ती." आणि वळून चालायला लागली. आक्का तिच्यामागं निघाल्या, पण चार पावलांवरून परत आल्या आणि त्याच्या हातात पिशवीतला शेंगदाण्याचा लाडू ठेवून गेल्या.

जुलैत यादी लागली. गुणमालेचं नाव अकरावं होतं. लालासाहेबाला पाकीट आलं. 'अर्जातील माहिती अपूर्ण असल्याने आपला विचार करता येत नाही.' शाळेच्या दप्तरखान्यात त्यानं ते वाचलं आणि घडी घालून परत पाकिटात सारायला गेला. मग लक्षात आलं, पाकिटात आणखी एक चिठ्ठी आहे, हातानं लिहिलेली, बिनसहीची. इंग्रजीत दोनच वाक्यं. 'ऐंशीपैकी त्रेसष्ट गुण आहेत. पुढच्या वर्षी अर्ज पूर्ण भरा.'

त्या वर्षात त्यानं एकशेवीसच्या दोनशे संज्ञा केल्या. गुणमालेचा राग दिवाळीपर्यंत टिकला. नंतर तिच्याकडून पोस्टानं वर्गातली टिपणं येऊ लागली, जाड गठ्ठे, आणि सोबत कधी दोन ओळींपेक्षा जास्त मजकूर नसे. सत्याहत्तरच्या मे महिन्यात त्यानं अकराव्या रकान्यात लिहिलं, 'डावा कान पूर्ण बंद, उजवा निम्मा.' जागा पुरली नाही म्हणून जोडपत्र लावलं आणि त्यात मागितलं, की ऐकण्याचा प्रश्न उजव्या कानाशी बसून वाचून दाखवावा. उत्तर आलं नाही. तो स्वतः विद्यापीठात गेला. एकदा साहेब जेवायला गेलेले, एकदा रजेवर, तिसऱ्यांदा भेटले ते "असा नियम नाही" म्हणाले. चौथ्यांदा सुलाबाई सोबत गेली. ती कचेरीच्या दारात बसली ती उठेचना. साहेबांनी संध्याकाळी जोडपत्रावर सही केली.

परीक्षेला एक वयस्कर बाई पर्यवेक्षिका त्याच्या उजव्या बाजूला स्टूल घेऊन बसल्या आणि कविता कानाशी दोनदा वाचली. तरीही आठ गुणांचं चुकलंच. यादीत त्याचं नाव एकोणतिसावं होतं, तिसांतलं.

दोन वर्षं तो वसतिगृहात राहिला. ऊस सुलाबाईनं सांभाळला. दुसऱ्या वर्गात एम.ए. झाला आणि एकोणऐंशीच्या जूनमध्ये पाटणच्या एका नव्या कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवायला लागला.

पहिल्या दिवशी वर्गात साठ मुलंमुली होती, कोयनेच्या खोऱ्यातल्या लांबलांबच्या वाड्यांवरून आलेली. लालासाहेबानं हजेरी घेण्याआधी फळ्यावर लिहिलं, 'मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. ज्यांना प्रश्न विचारायचे आहेत त्यांनी माझ्या उजव्या हाताला बसावं आणि मोठ्यानं बोलावं.'

मग डावीकडच्या पहिल्या बाकावरची एक मुलगी वह्या गोळा करून उठली. तिच्यामागून दुसरी. मग बाकं ओढल्याचा दणदणाट सुरू झाला, आणि बघता बघता सगळा वर्ग उजवीकडं दाटीवाटीनं जाऊन बसला, एका बाकावर पाच-पाच जण. डावीकडं नुसती फरशी राहिली. आवाज ऐकून प्राचार्य दारात आले आणि विचारू लागले, की हा काय प्रकार आहे. लालासाहेबाची पाठ दाराकडं होती. त्यानं खडू उचलला आणि शिकवायला सुरुवात केली.